बाटलीवर तारीख लिही

परवा तुझा फोन आला. सामान हलवणाऱ्यांनी मी केलेल्या लिहायच्या टेबलाला बुडबुड्यांचं प्लास्टिक गच्च गुंडाळलं, ट्रक दिवसभर मे महिन्याच्या उन्हात उभा राहिला, आणि सोडवून बघतेस तर टेबलभर वाटाण्याएवढे गोल वळ उठलेले. "आजोबा, टेबल वाया गेलं," म्हणालीस. वाया काही गेलेलं नाही, दुपारभराचं काम आहे. पण टेबल, झोपाळा आणि देव्हारा तुझ्या हवाली करताना मी तोंडाने एक शब्द सांगितला नाही, ही चूक माझीच. पोरीला सासरी पाठवताना चार गोष्टी कानात सांगतात. पॉलिशच्या लाकडालाही तेवढं लागतंच.

४५ वर्षं हा पॉलिशचा बोळा हातात धरला. त्यातून जे कळलं ते सांगतो. सगळं एकदम पाळता येणार नाही. निम्मं पाळलंस तरी लाकूड खूश राहील.

आधी ते काय आहे ते ओळख

तुझ्या सामानावर आहे ते लाखेचं पॉलिश. लाख म्हणजे किड्याने तयार केलेली राळ. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर बारीक किडे बसतात, रस पितात आणि अंगाभोवती राळेचं कवच करतात. झारखंड, छत्तीसगडमध्ये ती मोठ्या प्रमाणात निघते, आपल्या गोंदियाकडेही निघते. फांदीवरची लाख खरवडून, धुऊन तिचे दाणे करतात. जुन्या पद्धतीत ते दाणे कापडाच्या लांब पिशवीत भरून कोळशाच्या भट्टीसमोर पिळतात, गळलेला रस ताणून पातळ पापुद्रा करतात आणि तो मोडतात. तोच आमचा चपडा. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवला की पॉलिश तयार.

एवढं सांगायचं कारण असं की यात लाखेचे दोन स्वभाव आले. विस्तवासमोर ती मऊ होते आणि स्पिरिटमध्ये विरघळते. तिला जपण्याचे बहुतेक नियम या दोन स्वभावांतून निघतात. तिसरा स्वभाव पाण्याचा, तो पुढे सांगतो.

आणि हो, नव्या घरात इतरही लाकडी सामान असेल. सगळ्यालाच लाख नसते. हल्ली बहुतेक ठिकाणी मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) असतं. शंका आली तर वस्तूच्या मागच्या बाजूला, कोणाला दिसणार नाही अशा जागी, कापसाच्या काडीने स्पिरिटचा एक थेंब लाव आणि मिनिटभराने बोट टेकव. चिकट लागलं तर लाख. काहीच झालं नाही तर ते दुसरं काहीतरी आहे, तिथे माझे नियम लावू नकोस.

गरम भांडं

पोस्टात पार्सलाला लाखेचा शिक्का मारताना तू कधी पाहिलं नसशील. मेणबत्तीवर कांडी धरली की दोन क्षणांत थेंब गळायचा. आमच्या लहानपणी ७८ गतीच्या तबकड्याही लाखेच्याच असायच्या. उन्हात विसरली की तबकडी पापडासारखी वाकायची. साधारण ६५ ते ७५ अंशांना लाख मऊ पडू लागते. चुलीवरून उतरलेला चहा याहून गरम असतो, कुकरची तर गोष्टच सोड.

म्हणून कप बशीत, बशी कापडी किंवा वेताच्या चटईवर. लॅपटॉपचं बूडही तापतं. तासन्‌तास काम करणार असशील तर खाली लाकडी फळी ठेव. इस्त्रीचं टेबल म्हणून तर या टेबलाकडे बघूसुद्धा नकोस. आणि पश्चिमेच्या खिडकीशी ते लावू नकोस. उन्हाने लाखेपेक्षा आधी लाकडाचा रंग बदलतो आणि फळी सुकून चिरते. ती चीर बोळ्याने बुजत नाही.

जेवणाच्या टेबलाला मी कधी लाख लावली नाही. गिऱ्हाईक रागावलं तरी नाही. रोज तीन वेळा गरम भांडी, ओलं फडकं आणि सांडलेली आमटी ज्याच्या नशिबात आहे, त्याला दुसरं पॉलिश करावं. लाख शोभते ती देव्हाऱ्याला, पुस्तकांच्या कपाटाला, झोपाळ्याला आणि लिहायच्या टेबलाला. उद्या तुला कोणी जेवणाचं टेबल करून देणार असेल तर हे लक्षात ठेव.

पाणी

पाण्याचा थेंब पडला, लगेच टिपला, तर काही होत नाही. तास-दोन तास राहिला की लाखेच्या थरात ओल शिरते आणि तिथे पांढरं वळं उमटतं. थंड पाण्याच्या ग्लासाला बाहेरून घाम सुटतो, फुलदाणीच्या बुडाशी ओल राहते, कुंडीखालची बशी झिरपते. तिथेच ही वळी येतात. फुलदाणीखाली काचेची किंवा चिनीमातीची थाळी ठेव, आणि तिच्या बुडाला लोकरीच्या कापडाचा तुकडा चिकटव.

वळं पांढरं असेल तर घाबरू नकोस. ओल वरच्या थरातच आहे. वळं काळं असेल तर मात्र पाणी लाकडापर्यंत पोचलं. सागाच्या किंवा शिसवीच्या अंगातला तुरटपणा, ओल आणि लोखंड एकत्र आलं की लाकूड शाईसारखं काळं पडतं. लोखंडी कुंडी, गंजका खिळा, टाचण्यांचा डबा ओल्या जागी ठेवला की हेच होतं. तो डाग तू घालवायला जाऊ नकोस, जाणत्या माणसाला बोलाव.

पावसाळ्यात कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेव. मागून हवा खेळली पाहिजे. कोकणात तर याहून जास्त. तुझ्या आजीच्या माहेरी भिंतीला टेकलेल्या कपाटाची पाठ दर श्रावणात बुरशीने हिरवी व्हायची आणि दर दिवाळीत सगळे पॉलिशवाल्याला दोष द्यायचे.

घरातले छुपे शत्रू

हा धडा मला २०२० साली नव्याने मिळाला. एका ओळखीच्या घरी दारातल्या शिसवी स्टुलावर सॅनिटायझरची बाटली ठेवली होती. येणारा-जाणारा हातावर घ्यायचा, दोन थेंब स्टुलावर पडायचे. महिन्याभरात स्टूल देवीच्या व्रणांसारखं खड्ड्याखड्ड्यांचं झालं. सॅनिटायझरमध्ये साधारण ७० टक्के अल्कोहोल असतं. मी ज्याने लाख विरघळवतो, ते तेच.

आता घरात फिरून बघ. अंगावर मारायचा सेंट, दाढीनंतरचं लोशन, पाहुण्यांच्या हातातला दारूचा ग्लास, हे सगळे त्याच घराण्यातले. सेंट मारायचा तर ड्रेसिंग टेबलापासून दोन हात लांब उभं राहून.

दुसरं घराणं सोड्याचं. कपड्याच्या साबणाचं पाणी, धुण्याचा सोडा, टाकणखार आणि काचा पुसायचे ते अमोनियाचे फवारे. यांनीही लाख सुटते. बिलोरी काचेचं कपाट असेल तर फवारा काचेवर न मारता फडक्यावर मार आणि मग काच पूस. दिवाळीच्या साफसफाईत सगळ्या घराला एकाच बादलीतलं पाणी लागतं, तेव्हाच जास्त सामान बिघडतं. कामाला येणाऱ्या मावशींना एकदा समजावून सांग आणि त्यांच्या हातात वेगळं कोरडं फडकं दे. नुसतं "जपून पुसा" म्हणून काही होत नाही.

पुसायचं कसं

रोजची धूळ जुन्या धुतलेल्या मलमलीच्या किंवा धोतराच्या फडक्याने, लाकडाच्या रेषेच्या दिशेने. फडक्याला शिवण, बटण, जर काही नको. फार मळलं असेल तर फडकं टर्पेंटाइनमध्ये किंचित भिजवून पूस. वाळून मुरलेल्या लाखेला टर्पेंटाइन काही करत नाही, तेलकट मळ मात्र उचलून घेतं. खिडक्या उघड्या ठेव आणि जवळ दिवा-उदबत्ती नको.

खोबरेल लावू नकोस. हे सांगितलं की आया-मावश्यांना राग येतो, कारण त्यांच्या आयांनी लावलं होतं. दोन दिवस लाकूड चमकतं खरं. मग त्यावर धूळ बसते, धुळीचं किटण होतं, आणि कोपऱ्यांतून खवट वास येतो. बाजारातले चकाकीचे फवारेही नकोत. त्यांत बहुधा सिलिकॉन असतं. ते कानाकोपऱ्यात मुरलं की पुढे नवं पॉलिश त्यावर पसरत नाही, माशाच्या डोळ्यांसारखी भोकं पडतात.

चमक हवी तर मेण लाव. मधमाशीचं मेण एक भाग आणि टर्पेंटाइन तीन भाग. मेण किसून घे. आधी पाणी कडकडीत तापव, गॅस बंद कर, आणि मग त्या पाण्यात वाटी ठेवून मेण वितळव. त्यात टर्पेंटाइन ओतताना आसपास कुठेही ज्योत नको, कारण त्याची वाफ पटकन पेट घेते. गार झालं की साजूक तुपासारखं घट्ट होतं. बोटावर येईल एवढंच फडक्यावर घेऊन पातळ लाव, अर्ध्या तासाने लोकरीच्या कापडाने घास. वर्षातून दोनदा पुरे, एकदा दिवाळीनंतर आणि एकदा पावसाळ्याआधी. मेणाने ओरखडे कमी पडतात आणि सांडलेलं पाणी टिपायला तुला थोडा वेळ मिळतो. गरम भांड्यापुढे मात्र मेणाचा काही उपयोग नाही.

काय ठेवायचं, कशावर ठेवायचं

प्लास्टिक आणि रबर लाखेवर थेट नको. मऊ प्लास्टिकमधला तेलकट अंश हळूहळू लाखेत उतरतो आणि दोन्ही एकमेकांना चिकटतात. प्लास्टिकचा टेबलक्लॉथ, टीव्हीचे रबरी पाय, फोन चार्जरची वायर वर्षभर एका जागी राहिली की ठसा उमटतो. टेबलावर काच टाकायची हौस असेल तर टाक, पण कोपऱ्यांत लोकरी नमद्याच्या चकत्या देऊन. काच आणि लाकूड यांच्यामधून हवा जायला हवी.

नवं पॉलिश केलेल्या सामानाची जास्तच काळजी घे. बोट न चिकटण्याइतकी लाख अर्ध्या तासात वाळते, पण आतून कडक व्हायला आठवडे लागतात. पहिला महिनाभर जड वस्तू, पुस्तकांचे गठ्ठे काही ठेवू नकोस.

आणि पुन्हा घर बदलशील तेव्हा आधी सुती चादर किंवा गोधडी, त्यावर दोरी, आणि मग लागलंच तर सर्वांत बाहेरून प्लास्टिक. उन्हाने मऊ झालेल्या लाखेवर बुडबुडे टेकले, म्हणून तुझ्या टेबलाचं ते झालं. ट्रकवाल्यांना काय बोलणार, त्यांच्यासाठी सगळं सामान सारखंच.

देव्हारा आणि झोपाळा

देव्हाऱ्याचे शत्रू म्हणजे पाणी, तेल आणि ज्योत, आणि तिन्ही रोज लागणारच. म्हणून आत कडप्प्याचा किंवा संगमरवराचा पातळ तुकडा बसवून घे. अभिषेक ताम्हनात, आणि ताम्हन त्या दगडावर. समई देव्हाऱ्याच्या बाहेर, पाटावर. निरांजन आत लावायचंच असेल तर ज्योतीच्या वर हात धरून बघ. छताजवळ हात पोळत असेल तर लाखही पोळतेय. छतावर काजळी धरली तर आधी कोरड्या मऊ ब्रशने झाड आणि मग टर्पेंटाइनचं फडकं. ओलं फडकं लावलंस तर काजळी लाकडाच्या रेषांत जाऊन बसेल.

झोपाळ्याच्या पितळी कड्या उजळायच्या तर काढून उजळ. नाहीच निघाल्या तर खाली जाड पुठ्ठा धर. चिंच, लिंबू किंवा पावडरीचं पाणी फळीवर गळलं की कडीभोवती भुरकट कडं पडतं. हात आणि डोकं जिथे टेकतं तिथे घाम आणि केसांचं तेल बसून लाख मऊ, चिकट होते. आरामखुर्चीच्या पाठीवर आणि हातांवर आपल्याकडे भरतकामाची कापडं टाकायचे. ती नुसती हौस नव्हती.

बिघडलं तर

आता तुझ्या टेबलाकडे येऊ. पीयूचा थर एकदा बिघडला की सगळा खरवडावा लागतो. लाखेचं तसं नसतं. नवा हात जुन्या थराला जरासा विरघळवतो आणि त्यातच मिसळतो, मध्ये सांधा राहत नाही. ज्या स्पिरिटच्या थेंबाने लाख बिघडते, त्याच थेंबाने ती सुधारते. फक्त थेंब किती आणि हात किती चपळ, एवढाच फरक.

पांढरं वळं आलं असेल तर आधी दोन दिवस काहीच करू नकोस. पंख्याखाली राहू दे. पुष्कळदा ते आपणच जातं. नाहीच गेलं तर वस्त्रगाळ राख आणि दोन थेंब गोडंतेल बोटावर घेऊन रेषेच्या दिशेने हलकं घास आणि पुसून टाक.

त्यानेही भागलं नाही तर बोळा. कापसाचा लिंबाएवढा गोळा मलमलीत बांध, त्यावर थोडं स्पिरिट घाल आणि घट्ट पीळ. मनगटाच्या मागे लावून बघ. गार लागलं पाहिजे, ओलं लागता कामा नये. मग वळ्यावरून तो झाडूच्या फटकाऱ्यासारखा ने. बाहेरून येतो, टेकतो, निघून जातो. लाकडावर बोळा थांबवू मात्र कधीच नकोस. थांबवलास की चिकटतो, आणि उचललास की सालपट घेऊन येतो. दोन-चार फटकारे झाले की थांब, वाळू दे, मग बघ. पहिल्यांदा करताना मागच्या फळीवर हात बसव.

बुडबुड्यांच्या वळांसाठी ४०० नंबरचा पॉलिशपेपर, तोही जुना झालेला, हलक्या हाताने कोरडाच फिरव. उंचवटे गेले, धूळ पुसली की पातळ पॉलिशचे बोळ्याने चार-पाच हात. बोळा अडखळायला लागला तर त्याच्या तोंडाला अळशीच्या तेलाचा एकच थेंब. आणि काम संपल्यावर तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नकोस. अळशीचं तेल वाळताना तापतं, आणि चिंध्यांचा ढीग आपोआप पेटू शकतो. एकेक फडकं मोकळ्या हवेत पसरून वाळव.

हे सगळं पावसाळ्यात करू नकोस. स्पिरिट उडताना लाकूड गार पडतं, दमट हवेतली ओल त्यावर धरते आणि सगळं टेबल दुधाळ होतं. दसरा झाला की हात लाव. तोवर वळांवर पुस्तकं ठेवायचा मोह आवर.

मोठं काम असेल आणि पॉलिशवाल्याला बोलावलंस, तर तो बहुधा म्हणेल, "ताई, सगळं खरवडून पीयू करून देतो, वीस वर्षं बघायला नको." त्याला नम्रपणे सांग, खरवडायचं नाही, स्पिरिटवर घ्या. त्याचा चेहरा उजळला तर तो जुना कारागीर, काम त्याच्याकडे दे. कोरा राहिला तर चहा पाजून परत पाठव.

पॉलिश कसं करायचं

रंगाच्या दुकानात चपडा सुटा मिळतो. एक लिटर स्पिरिटला पाव किलो चपडा हे माझं माप. बोळ्याच्या शेवटच्या हातांना तेच दुप्पट पातळ कर. काचेच्या बाटलीत भर, पत्र्याच्या डब्यात नको, लोखंडाने लाख काळवंडते. अधूनमधून हलवत एक रात्र ठेव आणि सकाळी मलमलीतून गाळ. आमचं स्पिरिट विषारी असतं. घरात मूल असेल तर बाटली कुलपात ठेव, आणि काम करताना खिडकी उघडी आणि गॅस बंद.

आणि बाटलीवर तारीख लिही. एकदा विरघळली की लाख आणि स्पिरिट आतल्या आत एकमेकांवर काम करत राहतात. सहा महिन्यांनी तेच पॉलिश लावलंस तर ते वाळतच नाही, बोटाला चिकटत राहतं. शंका आली तर काचेच्या तुकड्यावर एक थेंब टाकून तासाभराने नख लाव. ठसा उमटला की ते पॉलिश गेलं. कोरडा चपडा मात्र गार, कोरड्या जागी कितीतरी जास्त टिकतो. म्हणून लागेल तेवढंच करायचं.

तुझ्या टेबलाच्या खालच्या खणात, अगदी मागे, एक चपटी बाटली असेल. टेबल पाठवताना मीच ठेवली होती. तिच्यावर माझ्या अक्षरात तारीख आहे. सहा महिने कधीच उलटून गेलेत. आजोबांच्या हातचं म्हणून ती जपून ठेवू नकोस आणि टेबलाला तर मुळीच लावू नकोस. नवा चपडा आण, नवं पॉलिश कर, आणि तारीख तुझ्या हाताने लिही.